रेणुकाचा डावा हात

शनिवार, संध्याकाळ

घरी आल्यापासून एकटीच हसतेय. आज नाचाच्या वर्गात रेणुकाला सांगितलं, "डावा हात तालाच्या मागे पडतोय." ती व्हीलचेअरवर बसून नाचते. दारात उभी असलेली तिची आई लगेच म्हणाली, "बाई, करतीय त्येच लई हाय की! चुका कशाला काढता?" मी जास्त बोलले का? पण डावा हात खरंच मागे पडत होता. तेवढ्यात रेणुकाच म्हणाली, "आई, सगळ्यांच्या काढतात. माझ्या का नको?" मोबाइलवर तबला पुन्हा लावला. या वेळी डावा हात बरोब्बर समेवर आला. पहिली टाळी आईनंच वाजवली. रेणुका मात्र गंभीर. "बाई, आता उजव्याचं सांगा."