प्रेशर माझ्या ताब्यात

३ मार्च, सोमवार
शॉवरमधून पाणी पडत नाही, टपकतं. बायको म्हणाली, प्लंबरला बोलावू. मी म्हणालो, प्लंबर नुसता पाना फिरवतो, डोकं चालवत नाही. रविवारी दादा-वहिनी राहायला येतायत. लहानपणापासून घरातलं मोडलंतुटलं दादाच दुरुस्त करत आला. या वेळी तो यायच्या आत काम झालेलं असेल. एकदा तरी त्याने मला म्हणावं, 'बरं केलंस.' खोटं कशाला लिहू, तेवढंच हवंय.

४ मार्च, मंगळवार
शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये भिजवली. फरक शून्य. व्हिनेगर जुनं असणार. मुलगी डोक्याला शाम्पू लावून पाऊण तास बसली. तिला म्हटलं, संशोधनात कळ सोसावी लागते. दार आपटलं तिने. आईवर गेलीय.

५ मार्च, बुधवार
मेन व्हॉल्व्ह बंद केला, उघडला, परत बंद केला. आता तो नेमका किती उघडा आहे सांगता येत नाही. पाना पायावर पडला. पण निदान पक्कं: पाइपात हवा अडकलीय. नळाला तोंड लावून जोरात फुंकलं. बायको दारात उभी राहून बघत होती. विश्वास बसत चाललाय.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ७.
फत्ते! शॉवर दणदणीत. दाखवायला घरात कोणी नाही. मायलेकी पिशवी घेऊन खालच्या मजल्यावर काकूंकडे गेल्या होत्या. परतल्या तेव्हा केस ओले. व्यायाम सुरू केलेला दिसतो. घाम फार येतो दोघींना.

७ मार्च, शुक्रवार
आजही दणदणीत. मायलेकी आज टॉवेलसुद्धा घेऊन गेल्या. शिस्त आवडली. दादाला फोन करून सांगितलं, तुझ्याकडे पाण्याची काही अडचण असेल तर मला विचारत जा. त्याने लगेच फोन वहिनींकडे दिला. भारावला असावा.

९ मार्च, रविवार
दादा आंघोळीला गेला. वहिनी भांडी विसळायला लागल्या, मुलीने वॉशिंग मशीन लावलं. आतून दादाने विचारलं, पाणी गेलं का? मी म्हटलं, हवा असेल, फुंकून बघ. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला. डोक्यावर फेस.

बायकोने त्याच्या हातात पिशवी दिली. म्हणाली, "दादा, खाली काकूंकडे जा. आम्ही गुरुवारपासून तिथेच आंघोळ करतोय."

मी म्हटलं, मग गुरुवारचं प्रेशर?

"घरात एकटेच पाणी वापरत होतात तुम्ही."

दादा भांग पाडून वर आला. बायकोकडून प्लंबरचा नंबर घेतला. मला वाईट वाटलं.

दुपारी मीही टॉवेल घेऊन खाली गेलो. काकू म्हणाल्या, "या. बादली भरून ठेवलीय. नळाला हात लावू नका."

बरं म्हणालो.