मिस सालदान्यांचा वारस

७ ऑक्टोबर, सोमवार

मीटिंगमध्ये प्रिन्सिपल ओचोआबाईंनी बातमी फोडली. उन्हाळ्यात वारलेल्या आमच्या मिस ओफेलिया सालदान्या. चाळीस वर्षं याच शाळेत सायन्स शिकवलं, लग्न केलं नाही, नवी गाडी घेतली नाही. आयुष्यभराची पुंजी शाळेला ठेवून गेल्या. त्यातून दर शनिवारी मुलांसाठी ‘सालदान्या विज्ञान वर्ग’. उद्घाटन ८ नोव्हेंबरला. वर्गाचा प्रमुख कोण, हे त्यांची धाकटी बहीण दोन्या एलोईसा त्याच कार्यक्रमात ठरवणार.

ठरवायचंय काय त्यात? मीच. मिसनी मला सहावीत दोनदा शिकवलं. एकाच विद्यार्थ्याला लागोपाठ दोन वर्षं! इतका जीव त्यांनी दुसऱ्या कुणाला लावला नाही.

संकल्प: एक, रोज पहाटे पाचला उठून भाषणाची तयारी. दोन, गोड पाव बंद. निळ्या सुटाचं बटण लागलंच पाहिजे.

८ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

पाचचा गजर ओरालियाने बंद केला. कर्तबगार माणसाला बायको साथ देईल तर शपथ. ती म्हणते, अरे फिदेन्सिओ, तूच बंद केलास, आणि वर मला ‘थँक्यू मिस’ म्हणालास. काहीही!

१२ ऑक्टोबर, शनिवार

समारंभ समितीचा अध्यक्ष: मी. (दुसरं कुणी उभं राहिलं नाही. आदर असतो लोकांना.)

आता मान वाटायचे. आपल्या गावात पोरीचा पंधरावा वाढदिवस असो नाहीतर लग्न, एकट्याने कुणी करत नाही. केकची माद्रीना, बँडचा पाद्रीनो, म्हणजे एकेका गोष्टीचा खर्च आणि मान एकेकाला. आणि दिलेला मान परत घ्यायचा नाही. नाहीतर नातवंडंसुद्धा एकमेकांकडे बघत नाहीत.

केकचा मान माझ्या चुलतबहिणीला दिला. मग ओचोआबाईंच्या जावेने मागितला, तिलाही दिला. मग मेव्हणीनेही मागितला. मेव्हणीला नाही म्हणून मी घरी कुठे जाऊ?

आणि आमच्या शाळेतली नायेली. दोन वर्षांची नोकरी, हिचंही नाव प्रमुखपदासाठी चर्चेत आहे म्हणे. तिला मी गाडीची माद्रीना केलं. दोन्या एलोईसाला घरून आणायचं, परत पोचवायचं. म्हणजे ऐन मोक्याला बाईसाहेब पार्किंगमध्ये. याला म्हणतात डोकं.

भाषण: सुरुवात झाली. ‘मित्रहो’ पक्कं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

नायेलीला गाडीचा मान भलताच अंगाला लागलाय. कार्यक्रमाला अडीच आठवडे आहेत आणि ही आत्तापासूनच म्हातारीला डॉक्टरकडे नेते, बाजारात नेते. रविवारी तिच्या परसात बसून तमाले खाऊन आली! मी काही घाबरलो वगैरे नाही. सहज नायेलीकडे गेलो आणि म्हटलं, पोरी, तुझी फार ओढाताण होते, गाडीचं मी बघतो. ती म्हणाली, छे हो सर, दिलेला मान असा काढून घेतात का? माझी आई तुम्हाला रस्त्यात गाठेल.

तिची आई मी पाहिलीय. विषय सोडला.

ओरालिया हसत होती. म्हणाली, आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलास आणि वर त्याला डोकं म्हणतोस. बायकांना डावपेच कळत नाहीत.

२७ ऑक्टोबर, रविवार

स्वतःच मोहिमेवर निघालो. सहा गोड पाव घेतले आणि दोन्या एलोईसाच्या दारात गाडी लावली. बाई घरात नाहीत. नायेलीबरोबर चर्चला. तासभर गाडीतच वाट पाहिली, मनात भाषण घोळवलं. पाव शिळे झाले असते. दुसरा संकल्प ८ तारखेपर्यंत स्थगित.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बटण लागत नाही. ड्राय क्लीनरने सूट आटवला. भाषण लिहून बोलणं हे नवशिक्यांचं काम. उत्स्फूर्त बोलणार.

९ नोव्हेंबर, सकाळी ६

काल कार्यक्रम झाला. अप्रतिम! केक तीन आले. तिघी माद्रीना तीन कोपऱ्यांत तोंड फिरवून उभ्या, पण लोकांनी तिन्ही संपवले.

भाषणं सुरू होण्याआधीच दोन्या एलोईसाने माइक घेतला. म्हणाली, ओफेलियाने प्रमुख निवडण्यासाठी एक प्रश्न ठेवलाय. आमच्या परसातल्या संत्र्याला रस्त्याच्या बाजूने फळ लागतं, पण शेजारच्या चेमाच्या कुंपणाच्या बाजूला एकही नाही. मास्तर लोकहो, का बरं?

मी माइक पोचायच्या आत उठलो. सूर्याचा कोन, मुळांचा कल, नदीकडचा वारा, मातीतला खार, पृथ्वीचं फिरणं. सात मिनिटं. टाळ्या! (चुलतभावाने सुरू केल्या.)

मग नायेली उभी राहिली. चेहरा पडलेला. म्हणाली, तीन आठवडे ते झाड बघतेय, पण मला काही उमगत नाही. पुढच्या शनिवारी मुलांना घेऊन येऊ का? ती शोधून काढतील. दोन्या एलोईसा म्हणाली, ये की, तुझ्याच वर्गाची पोरं ती. त्यावरही टाळ्या झाल्या.

मला वाटलं, झाडाची जबाबदारी हिला दिली, प्रमुखाचं नाव केक कापल्यावर सांगतील. प्लेट संपेपर्यंत थांबलो. लोक खुर्च्या उचलायला लागले तरी थांबलो. शेवटी ओरालियाने दंडाला धरून गाडीत बसवलं. म्हणाली, अरे राजा, प्रमुख झाली ती. मघाशीच झाली.

अधिकृत पत्र अजून आलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ३

पत्र आलं. नायेलीच्या नावाने.

सकाळी वर्गावर गेलो. नजर ठेवायला. अनुभवी माणूस हवा एखादा. परसात बावीस पोरं, कुणी फांद्या मोजतंय, कुणी माती हुंगतंय. पुढे होऊन त्यांना पृथ्वीचं फिरणं समजावणार, तेवढ्यात एक चिमुरडी कुंपणावर चढली आणि पलीकडे ओरडून म्हणाली, चेमाआजोबा, या बाजूला संत्री का नाहीत हो? चेमा आतून म्हणाला, अगं, मी तोडतो ना! सकाळच्या रसाला. पिकली की हात घालतो कुंपणावरून. ओफेलियाला माहीत होतं.

पोरं हसून हसून मातीत लोळली. चेमाने सगळ्यांना संत्री वाटली. मलाही एक दिलं.

मी दोन्या एलोईसाशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, मिसनी माझ्याबद्दल काहीतरी लिहून ठेवलं असेलच. ती म्हणाली, ठेवलंय ना. पिशवीतून कागद काढला. मिसच्याच अक्षरात शाळेतल्या मास्तरांची यादी. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: फिदेन्सिओला विचारू नकोस, तो उत्तर देईल.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. म्हटलं, मग विचारलंत कशाला? तर म्हातारी माझ्या हातातलं संत्रं घेऊन सोलत म्हणाली, अरे, मला वाटलं, एवढ्या वर्षांत सुधारला असशील.