आबासाहेबांची अळंबी

आबासाहेब, काल तुमची चित्रं देऊन आले. इथं एडिनबराला एका वनस्पतिसंग्रहात काम करणाऱ्या मुलीनं हातमोजे घालून पहिलं खोकं उघडलं आणि वरचंच चित्र ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, तुमचे वडील काय करायचे? मी म्हटलं, लॅब टेक्निशियन होते. तिनं तसं लिहून घेतलं. संस्थानाचं मी काही बोलले नाही. तुम्हालाही तेच बरं वाटलं असतं, असं घरी येताना बसमध्ये मनात आलं.

नकाशात बोट फिरवून शोधावं लागावं एवढंसं तुमच्या वडिलांचं संस्थान. थोरल्यानं गादी सांभाळायची आणि धाकट्यानं, म्हणजे तुम्ही, बॅरिस्टर होऊन यायचं, असं ठरलेलं. लहानपणी तुम्हाला चित्रकला शिकवायला एक मास्तर यायचे, आणि एका वाढदिवसाला वडिलांनी पितळेचा मायक्रोस्कोप मागवून दिला. घरच्यांच्या मते सगळं तिथंच बिघडलं. लंडनला आलात, वर्षभरात कायदा सोडून वनस्पतिशास्त्राच्या वर्गात जाऊन बसलात. घरून दिवाळीच्या कार्डाखेरीज काही येईनासं झालं, तेव्हा युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये स्लाइड्स तयार करायची नोकरी धरलीत. त्याच सुमारास आई भेटली. ती नर्स होती, पुण्यातल्या एका शाळामास्तरांची मुलगी. ‘मला आईसाहेब म्हणायचं नाही, नुसतं आई म्हण,’ असं तिनं मला बजावलं होतं. तुम्ही मात्र आबासाहेबच राहिलात, कारण वडिलांसाठी दुसरा शब्द तुमच्याकडे नव्हताच. शाळेच्या फाटकाशी तुम्हाला तशी हाक मारायची मला लाज वाटायची.

लंडनच्या कडेला, स्टॅनमोरला आपल्या घरात ऑक्टोबर आला की स्वयंपाकघर तुमचं होई. रविवारी सकाळी तुम्ही टाय लावून, वर कोट चढवून, पायांत गमबूट घालून कॉमनवर, जवळच्या मोकळ्या रानात, निघायचात. मी बास्केट घेऊन मागे. ओल्या पानांत गुडघे टेकून एकेक अळंबी मुळाशी माती धरून अलगद उचलायचात, हुंगायचात, मलाही हुंगायला द्यायचात. घरी आल्यावर तिची टोपी कापून कागदावर पालथी घालायची आणि वर आमटीची वाटी झाकायची. सकाळी वाटी उचलली की कागदावर बीजाणूंची चाकासारखी तपकिरी नक्षी उमटलेली असे. पांढऱ्या बीजाणूंना काळा कागद लागतो, हे मला पाढ्यांच्या आधी माहीत होतं. ‘राजेसाहेब, जेवायला एखादी वाटी शिल्लक ठेवा,’ आई म्हणायची. ‘उद्या परत करतो,’ तुम्ही मान वर न करता म्हणायचात, आणि ब्रश पाण्यात बुडवायचात.

दहाव्या वर्षी तुम्ही मला पहिल्यांदा रंग भरू दिलात. लालसर टोपीची एक कड गोगलगायीनं खाल्ली होती. मला ते वाईट दिसलं, म्हणून मी चित्रात ती कड पुरी करून टाकली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पाहिलंत. रागावलात की तुम्ही मला अहोजाहो करायचात.

‘हा तुकडा तुम्ही कुठून आणलात?’

‘तिथं नव्हता. मी काढला. छान दिसतं म्हणून.’

‘छान दिसतं, कबूल. पण आपण काढतोय ती ही अळंबी, तुमच्या मनातली नव्हे. पुन्हा काढा.’

मी रडतच पुन्हा काढलं. संध्याकाळी तुम्ही तुमचं भिंग माझ्या हातात ठेवलंत आणि स्वतःसाठी दुसरं आणेपर्यंत महिनाभर डोळे बारीक करून काम केलंत. आज रुग्णांची स्कॅन्स वाचताना मी दिसतं तेवढंच लिहिते. ती सवय त्या दुपारची.

मी बारा वर्षांची असताना तुमचे थोरले बंधू आले. लाउंजमधल्या सोफ्यावर काका, शेजारी त्यांचे कारभारी, आणि टीपॉयवर चहाच्या कपांच्या मधोमध झाडाच्या बुंध्यावरची एक भलीमोठी बुरशी. काकांना मुलगा नव्हता. ते म्हणाले, ‘गादीला घरातलं माणूस हवं. तुमचं इथं मन रमत नाही, असं आम्हाला तुमच्याच घरातून कळलं.’

तुम्ही आईकडे पाहिलंत. आई कप गोळा करत होती.

‘कोणी कळवलं?’

‘नाव सांगायचं नाही, असा शब्द आहे.’

तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘दादासाहेब, तिथं आलो तर मला रोज कोणीतरी भेटायला येईल. इथं उद्या सकाळी मला स्लाइड्स करायच्या आहेत.’

‘कुणाच्या तरी हाताखाली?’

‘हो. माणूस चांगला आहे.’

काकांनी आग्रह केला नाही. जाताना त्या बुरशीकडे बोट दाखवून विचारलं, ‘हे खातात का?’ तुम्ही हसलात. पुढे त्यांनी भाच्याला दत्तक घेतलं, आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत ट्यूब रेल्वेनं लॅबमध्ये जात राहिलात. आजारपणातसुद्धा उशीला टेकून एक चित्र पुरं केलंत. तुम्ही सुखी होता. हे मी मुलगी म्हणून नाही, इतकी वर्षं पाहिलं म्हणून लिहिते.

त्या भेटीनंतर मात्र तुम्ही दर हिवाळ्यात आईला महिनाभर पुण्याला धाडू लागलात. सुट्टी नसली तरी घर सांभाळायचात, माझ्या वेण्या वाकड्यातिकड्या घालायचात. आई आता माझ्याजवळ असते. काल रात्री जेवताना ती म्हणाली, ‘लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर एकदम सुचलं त्यांना, हिला माहेरची आठवण येत असेल म्हणून. कोणी सांगितलं, देव जाणे.’

काकांना आईनं कळवलं नव्हतं, आबासाहेब. शाळेत मी राजकन्या आहे म्हणून सांगितलं होतं, आणि एका मुलीनं विचारलं होतं, मग बसनं का येतेस? दिवाळीच्या कार्डावरून पत्ता उतरवून मी काकांना पत्र टाकलं: ‘आबासाहेब इथं खुश नाही. आम्हाला बोलवा. माझी नाव सांगू नका.’ त्या मराठीवरून लिहिणारी कोण ते काकांनी ओळखलंच असणार. तरी त्या दिवशी लाउंजमध्ये त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. आणि तुम्ही आईला कधी विचारलं नाहीत. हा कागद मी तिच्या हाती लागू देणार नाही. त्या हिवाळ्यांचं तिला अजून कौतुक आहे, आणि खरं सांगायचं तर, मलाही.