अंगुस्तान

३ जून, सोमवार
चढलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांधे कधी सुजतात ते रोज लिहा. सूज मोजायची कशी? शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान आहेच! ते चढलं तर बरं, नाही चढलं तर सूज. झालं माप.

४ जून
नाही चढलं. तसंच दातओठ खात टेलरमास्तरांच्या दुकानात दोन कोटांची काजं केली.

६ जून
संधिवात ताणानं होत नाही, पण ताणानं भडकतो — डॉक्टरीणबाई. गोळ्या घ्या, मन शांत ठेवा. मी वेडी, घरी येऊन ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. हे हसले. "म्हणजे मनाचेच खेळ! मी म्हणतच होतो." लगेच नणंदेला फोन करून तेच पुन्हा, माझ्यासमोर. मी भाजी चिरत होते. सुरी धरवत नव्हती.

बावीस वर्षं ह्या माणसाला माझं दुखणं पटवतेय. आता तर मीच त्यांच्या हातात कोलीत दिलं.

७ जून
मनगटंही गेली. वेणी घालता आली नाही. केस तसेच गुंडाळून कामावर.

८ जून
पुरुषाच्या कोटाला काजं डावीऐवजी उजव्या बाजूला केली. चारही! कापड एकदा कापलं की काज मिटत नाही. मास्तर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. पुन्हा असं झालं तर काजं मशीनवर करून घेईन, एवढंच म्हणाले.

काजं गेली तर मला काय उरलं? दिवसभर ते घर आणि हे. नको वाटतं सगळं. खरंच नको वाटतं.

११ जून
हे आठ दिवसांसाठी नणंदेकडे गेले.

१४ जून
चढलं.

१६ जून
सैल होतंय! गोळ्या त्याच, काम तेवढंच. फक्त हे घरात नाहीत. मागची पानं पुन्हा वाचली आणि रडत बसले. हे कुणाला सांगायचं?

१८ जून
दुकानात ह्यांचा फोन. उद्या येतो म्हणाले. "बरी झालीस का नाटकं करून?" मी फोन ठेवला. अंगुस्तान बोटातच राहिलं, तशीच घरी आले.

१९ जून
सकाळी निघेना. साबण लावला, तेल लावलं. शेवटी मास्तरांनी पकडीनं कापून काढलं. बोट काळंनिळं. "घरी जा आता," म्हणाले.

मी म्हटलं, "घरी नाही जात."