फक्त दोन नग शिल्लक

बाबा, आज सकाळच्या मीटिंगमध्ये एका माणसाने आम्हा आठ जणांना पाऊण तास शिकवलं, की गिऱ्हाईक साडी घेण्याआधी ती निदान तीनदा बघतं. त्यासाठी त्याने रंगीत आलेख काढून आणले होते. तो बेंगळुरूत बसतो, मी इथे वाशिमला आपल्याच घरात. पण पडद्यावरून तो अशा थाटात बोलत होता, की ही गोष्ट त्याच्याआधी पृथ्वीवर कुणाला ठाऊकच नव्हती. तुम्ही असतात तर गादीवरून हललाही नसतात. म्हणाला असतात, "तीनदा? हे तं वाशिमची बाई झाली. केनवडची असली तं पाचदा पाहते, अन् सहाव्यांदा जावेले घेऊन येते." पस्तीस वर्षं तुम्ही कापडाचं दुकान चालवलंत, पण आलेख काही काढला नाहीत. ती तुमची चूकच झाली म्हणायची. नाहीतर आज तुम्हीही टाय लावून मोठमोठ्या लोकांना अक्कल शिकवत असतात.

तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, म्हणून माझा धंदा आधी सांगायला हवा. इंटरनेटवर साड्या विकणारी एक कंपनी आहे, तिच्यासाठी मी मराठी वाक्यं लिहिते. साडी मी कधी हातात धरत नाही. माणूस फोनवर साडी बघत असतो, तेव्हा त्याला टोचणी लावणारे दोन-चार शब्द खाली येतात, ते माझे. 'त्वरा करा', 'सवलत संपत आली', असले. साडी फोनवरच्या पिशवीत टाकून कुणी तसाच निघून गेला, तर मागाहून त्याच्या फोनवर निरोप जातो, तोही माझाच. तुमच्या दुकानातून कुणी न घेता उठलं तर तुम्ही "बसा ना, पाणी तरी घ्या" म्हणायचात. आम्ही त्याच्या मागे घरापर्यंत जातो आणि त्याच्या उशाशी बसून चिमटे काढतो.

गिऱ्हाईकही आता तुमच्या वेळचं राहिलं नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळा दोष आमचाच. आमची शेजारीण पाच साड्या मागवते, एक हळदीला नेसते, अत्तराच्या वासासकट पाचही परत पाठवते आणि वर 'कापड निकृष्ट' असा शेरा लिहिते. बाजारातल्या दुकानात जाऊन लोक तासभर पदर चुरगाळून बघतात, फोटो काढतात, आणि दुकानदाराच्या समोर बसूनच तीच साडी फोनवर मागवतात. वस्तू कशी आहे ते चार ओळी वाचून कुणी ठरवत नाही. आधी शिव्या घातलेले शेरे शोधून वाचतात, आणि ते वाचून समाधान झालं की मग घेतात! आणि आमचे साहेब याला 'ग्राहकाची मानसिकता' म्हणतात. तुम्ही चार साड्या पसंतीसाठी घरी पाठवायचात, उरलेल्या दुसऱ्या दिवशी घडीसकट परत यायच्या. तेच यांनी इंग्रजी नाव देऊन परवा नवा शोध म्हणून जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पण हे सगळं मी तुम्हाला आईमुळे लिहिते आहे. दादाच्या मुलीचं लग्न परवावर आलंय. तुम्ही गेल्यापासून आई राखाडी आणि फिक्या निळ्याच्या पलीकडे गेली नाही. कुणी तिला अडवलं नव्हतं. तिनेच स्वतःला अडवलं होतं आणि आम्हीही कधी विचारलं नाही. गुडघ्यांमुळे तिला आता दुकानांच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून मी तिला फोनवर साड्या बघायला शिकवलं. महिन्याभरापूर्वी ती स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता फोन माझ्यासमोर धरून म्हणाली, "हे डाळिंबी कशी दिसन वं मले? चांगली नाही दिसणार ना?" बाबा, अकरा वर्षांत तिने पहिल्यांदा रंगाचं नाव घेतलं. मी म्हटलं, घेऊन टाक. तिने ती फोनवरच्या पिशवीत टाकली. साडी आमच्याच कंपनीची होती. मी माझ्या कामाला लागले आणि विसरले.

आठ-दहा दिवसांनी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते, तर तिचा फोन वाजला. 'तुमची आवडती साडी तुमची वाट बघते आहे! फक्त दोन नग शिल्लक!' खाली बारीक अक्षरांत, सदतीस जणी ही साडी बघत आहेत. वाक्य माझं होतं. मी विचारलं, तू घेतली नाहीस अजून? तर ती म्हणाली, "कशी घेऊ? दोनच राह्यल्या. सदतीस जणी पाहून राह्यल्या तिले. कोणाच्या घरी पोरीचं लगीन असन, कोणाले ओटीत द्याची असन. मी म्हातारी, मले कायले पायजे? तुह्या बाबायनं कधी शेवटचा नग घरात येऊ देला का?"

हे मी विसरले होते. दुकानात एखाद्या नमुन्याची शेवटची साडी उरली, की तुम्ही ती बाजूला ठेवायचात. लग्नघरचं कुणी ऐनवेळी धावत आलं तर त्याला मिळावी म्हणून. आईला त्यातली एक हिरवी फार आवडली होती, तिने दोनदा मागितली, तुम्ही दिली नाहीत. दुसऱ्या आठवड्यात अनसिंगहून एक बाप घाईघाईने आला आणि ती घेऊन गेला. आईने तुमच्याशी दोन दिवस अबोला धरला, पण तिसऱ्या दिवशी शेजारणीला तीच गोष्ट अभिमानाने सांगत होती. आणि मला तो दिवसही आठवला. मी कॉलेजात होते, सुट्टीत दुकानात बसले होते, आणि एक बाई दोन साड्यांत अडकून पडली होती. मी हुशारी केली. म्हटलं, "मावशी, लवकर घ्या, या रंगाची एकच राह्यली." तुम्ही आत गेलात, त्याच रंगाच्या चार साड्या आणल्यात आणि त्या बाईपुढे मांडल्यात. माझ्याकडे बघितलंही नाहीत. घरी जेवताना एवढंच म्हणालात, "गिऱ्हाईकाले घाई नाही कराची पोरी. घाई त्यायले घरीच भरपूर असते." त्या दिवशी मला तोंड लपवायला जागा नव्हती. आता त्याच हुशारीचा मला पगार मिळतो.

आमच्या गोदामात त्या डाळिंबी साडीचे गठ्ठे पडले आहेत, बाबा. दोन हा आकडा मशीन टाकतं, सदतीसही तेच टाकतं. कुणीही बघत नव्हतं. एकटी आई बघत होती. रोज दुपारी ती फोन उघडून साडी आहे का गेली ते बघायची, आणि आहे म्हटल्यावर पुन्हा बंद करायची, दुसऱ्या कुणाला मिळावी म्हणून. आणि तिने उघडलं की आमचं मशीन खूश होऊन तिला आणखी एक निरोप पाठवायचं. 'आता फक्त एक!' एक म्हटल्यावर तर तिने तो विषयच सोडला.

आजच्या मीटिंगमध्ये तो साहेब म्हणाला, साठीच्या पुढच्या बायका नुसत्याच बघतात, पिशवीत टाकतात, घेत नाहीत, यांना खरं तर काही घ्यायचंच नसतं. असल्यांवर निरोप वाया घालवू नका. पडद्यावर एक करडा ठिपका होता, त्यात कुठेतरी माझी आई होती. या लोकांना माणसाने बोट कुठे ठेवलं ते सेकंदासकट कळतं. ते का उचललं, हे विचारायचं त्यांच्या बापजन्मी सुचत नाही. हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी माईक बंद ठेवला आणि मान डोलावली.

साडी मी गेल्याच आठवड्यात गुपचूप मागवली होती. आईच्या हातात पाकीट दिलं तेव्हा खरं सांगायची वेळ होती. पण मी म्हटलं, "शेवटचे दोन नग ज्या दोघींना मिळाले, त्यांतल्या एकीने परत केली. म्हणून आपल्याला मिळाली." मला वाटलं, किती छान सुचलं! आईने साडी मांडीवर घेतली, पदरावरून हात फिरवला, आणि तिचा चेहरा उजळण्याऐवजी उतरला. "परत काहून केली वं तिनं?"

"रंग आवडला नसेल."

"सदतीस जणीतून तिले भेटली, अन् रंग आवडला नाही? नाही माय. काहीतरी झालं असन तिच्या घरी. लगीन मोडलं असन. तिले फोन लावता येते का तुले? इचार तं खरं."

मी म्हटलं, नाही लावता येत, तसा नियम आहे. ती बरं म्हणाली. पण साडीची घडी ती मोडत नाही. "दुसरीच्या दुःखाची साडी नेसून मी नातीच्या लग्नात मिरवू का?" म्हणते. ब्लाउज शिवायला टाकलेला नाही, आणि परवासाठी तिने राखाडीच इस्त्री करून ठेवली आहे. काल सकाळी ती देवापुढे हात जोडून बसली होती. दादाचं नाव घेतलं, वहिनीचं घेतलं, नवऱ्या मुलीचं, माझं. आणि शेवटी हळूच म्हणाली, "अन् त्या साडीवालीले सुखी ठेव." मी दारातच उभी होते. ती बाई जगात नाही, मीच ती तयार केली, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मागच्या मागे फिरले आणि कुकर लावला.

हे कुठे पाठवायचं नाही ते मला कळतं. सांगायचं तर आईलाच होतं. ती रागावेल अशी भीती मला नाही, बाबा. ती रागावणारच नाही. उलट म्हणेल, "तुह्या बाबायले सांगू नोको." म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.