नंबर चार

१० एप्रिल १९९५, सोमवार

राख! काल धम्मदीनाच्या तोंडाला मी राख फासली.

हात तोच, स्पंज तोच, मेकअपची डबी तीच — मोहिनी पॅनकेक, नंबर चार. बारा वर्षं हीच वापरते आहे. ओला लावला तेव्हा रंग बरोबर बसला होता. अर्ध्या तासाने, हार घालायची वेळ आली आणि बघते तर चेहरा करडा! हनुवटीपाशी भेगा. मग घाम आला आणि पांढऱ्या साडीच्या काठावर मातकट ओघळ उतरला. आमच्या बौद्ध लग्नांत नवऱ्या मुली पांढऱ्या साडीत उभ्या राहतात, तिथे काही लपत नाही. व्हिडिओवाला लाइट धरून म्हणतो, "दीदी, कुछ करो ना." काय करू? रुमालाने टिपलं तर आणखी पसरलं.

धम्मदीनाच्या आईने ठरलेले पैसे मोजून हातात ठेवले, पूर्ण. बोलली असती तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल

बाजारात गेले, डबी शेठच्या काउंटरवर आपटली. तो पान चघळत हसतो. "कंपनी बिक गई ना दीदी. बाहरवालों ने ले ली. माल थोड़ा चेंज है, पर पब्लिक तो ले रही है." आणखी एक डबी घेतली, तिथेच उघडली. झाकण तेच, झाकणावरची बाई तीच. वास मात्र खडूचा. पूर्वी उघडली की वाळ्याचा वास यायचा.

मी कुणाला गोरी करत नाही. घरच्या पुढच्या खोलीत पार्लर सुरू केलं तेव्हाच ठरवलं होतं. सावळी मुलगी सावळीच दिसली पाहिजे, फक्त झोप झालेली आणि खुशीत असलेली. बाकीच्या डब्या आमच्या मुलींना मैद्यात लोळवून काढतात. नंबर चार तेवढी आपली होती.

नवी डबी उघडली की तळाला मधोमध हेअरपिनने पहिल्या नवरीचं नाव आणि महिना कोरते. जुनी सवय. या डबीच्या तळाला किमतीचा गोल कागद चिकटवलेला होता, म्हणून धम्मदीनाचं नाव कडेला कोरलं होतं. आता वाटतं, खोडून टाकावं.

जेवताना यांना डबी दाखवली, सगळं सांगितलं. मान खाली घालून जेवत राहिले. मग म्हणाले, "सगळंच बदलतंय. मिल नाही का बदलली?" मी म्हटलं, मिल बदलली नाही, बंद पडली! नको होतं बोलायला. वीस वर्षं डाईंग खात्यात होते. कापडाचा शेड नुसत्या नजरेने जुळवायचे, साहेब लोक यांना बोलावून विचारायचे. मिल बंद होऊन तीन वर्षं झाली. गेल्या दिवाळीपासून पालद्याला कसल्याशा पॅकिंगच्या कामावर जातात. काय पॅक करता विचारलं की म्हणतात, "माल."

१४ एप्रिल

जयंतीला महूला गेले. गर्दी, निळे झेंडे, ऊन. कांताबाई भेटली. तिच्या मुलीचं, मैत्रीचं लग्न बरोबर एक महिन्यावर, बुद्धपौर्णिमेला.

धम्मदीनाचे फोटो महूपर्यंत पोचले! कांताबाई बाजूला घेऊन म्हणाली, "इंदू, तुझ्या हातावर भरोसा आहे गं, पर फोटो बघितले मी. तुकोगंजमध्ये नवीन पार्लर खुललंय, सगळं इम्पोर्टेड वापरतात म्हणे. सोच ले. मुलीचं लग्न एकदाच होतं ना."

मैत्री मागे उभी होती. माझ्याकडे बघत राहिली. पहिल्या स्थळाने "रंग जरा दबा हुआ है" म्हणून नकार कळवला, तेव्हा ही पोरगी माझ्या पार्लरच्या खुर्चीत येऊन दोन तास बसली होती. रडली नाही. जाताना म्हणाली, "मावशी, माझ्या लग्नात आरशात मला मीच दिसले पाहिजे." मी शब्द दिला होता. तो शब्द माझा आहे, तुकोगंजवालीचा नाही.

१७ एप्रिल

कंपनीला पत्र टाकलं, रजिस्टर्ड. हिंदीत दोन पानं. सरळ विचारलं — माझ्या नंबर चारचं काय केलंत?

२१ एप्रिल

धम्मदीना सासरहून आली होती. हनुवटीला पुरळ. "खाज येते मावशी" म्हणाली, हसून. ती हसली म्हणून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मनगटावर सगळं करून पाहिलं. गुलाबपाण्यात कालवून, ग्लिसरीनमध्ये, खोबरेल लावून वर. वाळलं की करडं ते करडंच.

मग आठवलं — जुन्या रिकाम्या डब्यांच्या कडेला थोडा थोडा रंग राहतो. चार-पाच डब्या खरवडल्या तर एका चेहऱ्यापुरता निघेल! पण रिकाम्या डब्या हे घेऊन जातात. कामावर कुणाला तरी खिळे-स्क्रू ठेवायला लागतात म्हणून मीच धुऊन पुसून पिशवीत घालून देते. म्हटलं, दोन तरी परत आणा.

"वाटल्या सगळ्या."

कुणाला?

"अगं छोड ना यार! एका डबीपायी किती डोकं खाशील?"

माझ्याशी कधी असं बोलत नाहीत. उठले, मोरीत जाऊन स्वतःचा शर्ट धुतला. दिवाळीपासून स्वतःचे शर्ट स्वतः धुतात. मी गल्लीभर कौतुकाने सांगत फिरते!

२९ एप्रिल, शनिवार

उत्तर आलं. छापील कागद, खाली सही.

नंबर चारचं उत्पादन गेल्या जूनपासून बंद आहे. ग्राहकांची पसंती आता उजळ शेडकडे आहे. सोबत नंबर एकची पुडी मोफत पाठवत आहोत.

नंबर एक! मला!! पुडी कचऱ्यात टाकली. मग पत्र पुन्हा वाचलं. जूनपासून बंद. दुकानातला जुना माल फार तर दिवाळीपर्यंत पुरला असेल. माझ्याकडच्या जुन्या डब्या मार्चपर्यंत पुरल्या. मग दिवाळीपासून शेठ काय विकतो आहे?

३० एप्रिल

गरम पाण्यात डबी भिजत घातली. किमतीचा गोल कागद सुटला.

खाली, मधोमध, हेअरपिनचं अक्षर. "भानुमती, फेब्रु. ९३."

भानुमती माझी नवरी. अक्षर माझं. डबी माझी. मीच धुऊन पुसून पिशवीत घातलेली.

पोळ्या केल्या. हे आले, जेवले. नखांच्या कडेला बदामी रंग होता. रोज असणार, मी आज बघितला.

२ मे

दोन दिवस गप्प राहून बघितलं, जमलं नाही. आज ताटात पोळीऐवजी डबी वाढली. पालथी.

उचलली, तळ बघितला. मग हात धुऊनच टाकले.

मी विचारलं, रंग कोण जुळवतं?

"मीच."

भराभरा बोलत सुटले मग, अडवलं असतं तरी थांबले नसते. पत्र्याचं छप्पर घातलेली जागा आहे, आठ माणसं. पावडर दळायची, रंग घालायचा, जुन्या डब्यांत दाबायची. खरी डबी एकच आहे. मालक ती कपाटात कुलपात ठेवतो, सकाळी यांच्यासमोर काढतो आणि त्या रंगावरून हे दिवसाचा रंग जुळवतात. सगळं काम त्या एका डबीवर चालतं.

"कशावर लावून बघता?"

"कापडावर. मलमलच्या तुकड्यावर, दारात उजेडात नेऊन. शेड टू शेड मिळतो इंदू, कसम से!"

अभिमानाने म्हणाले! मी डोकं धरून बसले. वीस वर्षं कापड रंगवलेला माणूस. याला कुणी सांगायचं की कापडाला घाम येत नाही?

धम्मदीनाच्या हनुवटीचं सांगितलं. खाडकन चेहरा उतरला. "माल बाहेरगावी जातो असं बोलले होते गं मला. देवास, शाजापूर." म्हणजे देवासच्या मुलींना हनुवट्या नाहीत! आणि मी शेठकडची डबी आणून दाखवली, त्या दिवशी तर कळलं होतं ना? तेव्हा का नाही बोललात?

डबी हातात उलटीसुलटी करत म्हणाले, "तीन वर्षांनी मला कुणीतरी रंगाबद्दल विचारलं होतं, इंदू."

मला राग धरून ठेवायचा होता. तो राहीना, म्हणून आणखी राग आला.

५ मे

बोलणं बंद. डबा भरून देते, तेवढंच.

कांताबाईचा निरोप आला — तुकोगंजवाली तारीख अडकवून ठेवणार नाही, हो का नाही ते सांग. मी उलट निरोप धाडला, मीच करणार. हातात काही नाही आणि ऐट केवढी!

९ मे

संध्याकाळी यांनी दारात पाट टाकला. म्हणाले, "बस. हात दे." कागदाच्या पुड्यांत तीन-चार रंग आणले होते. माझ्या दंडावर, मग गालावर लावून बघत होते. मान वाकडी करून, एक डोळा मिटून — मिलमध्ये असेच उभे राहत असतील. बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या गालांना हात लावते आहे, माझ्या गालाला रंग लावायला कुणी बसलं नव्हतं. डोळे मिटून घेतले.

वाळेपर्यंत छान दिसला. वाळला आणि करडा.

"कापड गुपचूप पडून राहतं गं," म्हणाले. "चेहरा दर घडीला शेड बदलतो." आणि ही पावडर मैत्रीला लावायची नाही, काही झालं तरी, हेही स्वतःच म्हणाले. साबणाने तोंड धुतलं. बोलणं मात्र सुरू झालं.

१२ मे

उद्या सकाळी पीसीओवरून फोन करायचा. कांताबाईला सांगायचं, तुकोगंजवालीला बोलाव. मैत्रीला फोनवर घेणार नाही, तेवढी हिंमत नाही. मैद्यात लोळवतील पोरीला. जिच्या रंगाला नकार आला, तिचा रंग लग्नाच्या दिवशी तरी तिच्याकडे राहायला हवा होता. मी शब्द दिला होता आणि मीच मोडणार.

१३ मे, शनिवार

फोन केला नाही!!

दहा वाजता पीसीओला निघाले, तर समोरून हे. नऊ वाजता कामावर गेलेला माणूस, घामाघूम. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "फोन केलास?" नाही. "मग नको करू."

घरात येऊन उघडलं. वाळ्याचा वास! खोलीभर! नंबर चार, खरी, अर्धी भरलेली. मनगटावर लावली, वाळू दिली, घाम आणायला चुलीपाशी जाऊन बसले. हलली नाही.

"कुठे मिळाली हो?"

"मिळाली एका जागी. एका चेहऱ्यापुरती आहे ना?"

आहे की!

"बस तर. आता विचारू नको."

नाही विचारलं. खरं लिहायचं तर मला विचारायचंच नव्हतं. पिशवी भरली, महूची बस पकडायची आहे. तळाला नावसुद्धा कोरायचं राहिलं.

१४ मे, रात्री महूहून परत

मैत्री मैत्रीच दिसली!

मंडपात पंखे बंद पडले, व्हिडिओचा लाइट तोंडावर, कपाळावर घामाचे थेंब. टिपकागदाने टिपले, कागद कोरा. साडी शेवटपर्यंत पांढरी. तयार झाल्यावर आरशासमोर बसली होती, मी मागे. खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "मावशी, ही मीच आहे." मग मात्र मला म्हणाली, "रडू नको, तुझं काजळ उतरेल."

कांताबाईने सगळ्यांसमोर हात दाबला. तुकोगंजचं नाव काढलं नाही. हे शेवटच्या रांगेत बसले होते. त्रिशरण झालं, फुलं पडली, तरी यांची नजर मैत्रीच्या चेहऱ्यावरच. बसमध्ये म्हणाले, "काय रंग आहे गं. मला नसता जमला कधी."

१५ मे, सोमवार

सकाळी डबा भरायला घेतला. हे म्हणाले, "आज नको." म्हटलं, सुट्टी आहे का? म्हणाले, "उद्या पण नको."

मैत्रीचं नाव कोरायला डबी पालथी केली. तळाला चिकटपट्टी, तिच्यावर यांचं अक्षर — "सैंपल. बाहर ले जाना मना है."