केसभर मागे

सोमवार, ४ मार्च

पहिला दिवस पाण्यात! अठरा वर्षं एकत्र वाजवतोय आम्ही, आणि आज सहा तासांत एक ट्रॅक धड झाला नाही.

स्टुडिओ फर्निचरच्या दुकानाखाली, तळघरात. वर कोणी कपाट सरकवलं की टेक वाया. रेकॉर्डिस्टनं चौघांच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यांत ‘क्लिक’ — टक, टक, टक, टक. सगळ्यांनी तिला धरून वाजवायचं. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला ड्रम रेंगाळतात. ड्रमवर मेव्हणा — बायकोचा थोरला भाऊ, आणि लग्नाच्या आधीपासूनचा माझा मित्र.

रेकॉर्डिस्ट म्हणाला, “घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. तुमचे ड्रमर ओढतायत.”

मेव्हणा म्हणाला, “हेडफोन फार घट्ट आहेत हो.”

मी म्हणालो, “नाचता येईना, अंगण वाकडं!”

“जावईबापू, तुम्ही तुमची बास गिटार वाजवा,” म्हणाला. हसला.

मंगळवार, ५

सतरा टेक. सतराही टाकाऊ.

मास्तर अस्वस्थ. आमचा गिटारवाला — शाळेत गणित शिकवतो, म्हणून आमच्या ट्रॅकमध्ये सात मात्रांना नऊ जोडलेल्या असतात. सतरा तारखेला तो मुलीकडे परदेशी चाललाय, कायमचा. म्हणजे हा आमचा पहिला आल्बम, आणि शेवटचाही. आता नाही तर कधीच नाही. मला डेडलाइनची भीती नाही, वीस वर्षं रविवारची पुरवणी वेळेत सोडतोय. पण तिथे मजकूर कापता येतो. इथे काय कापायचं?

बुधवार, ६

मेव्हणा घरी गेल्यावर बाकी तिघं थांबलो.

मास्तर: “दुसरा ड्रमर आणू. वाईट वाटेल. पण सतरानंतर वाईट वाटून घ्यायला आयुष्य पडलंय.”

डॉक्टरीणबाई बराच वेळ सॅक्सोफोन पुसत राहिल्या. (दिवसा लोकांचे दात काढतात. आमच्यात सगळ्यांत हळवं वाजवतात.) मग म्हणाल्या, “पण सांगणार कोण?”

दोघं माझ्याकडे बघायला लागले. “तू नात्यातला. आणि तुझा आवाज कधी चढत नाही.”

शांत स्वभावाचा हा असा उपयोग!

गुरुवार, ७

सांगितलं.

त्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. चष्म्याच्या काचा घासायचं मशीन चालू होतं, त्यानं ते बंद केलं नाही. मग मला ओरडून सांगावं लागलं. तेही दोनदा. “तू मागे पडतोस! आपण दुसरा ड्रमर घेतोय!”

“सगळ्यांचं असं मत आहे?”

“सगळ्यांचं.”

“तुझं?”

“माझंही.”

त्यानं काच उजेडासमोर धरून बघितली. “बरं. जरा लांब उभा राहा, शर्टावर पाणी उडतंय.”

एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ८

ही माझ्याशी बोलत नाही. डबा मात्र भरून ठेवला होता.

शनिवार, ९

भाड्याचा ड्रमर आला. चोख माणूस. बसला, आणि पहिल्याच टेकला ठोक्यावर ठोका.

आणि तरी ट्रॅक बसेना!

दुपारी तो माझ्या शेजारी येऊन बसला. फार अदबीनं म्हणाला, “राग मानू नका. बास उशिरा येतोय.”

रेकॉर्डिस्टनं पडद्यावर दाखवलं. क्लिकच्या उभ्या रेघा. प्रत्येक रेघ उलटून गेल्यावर, केसभर उशिरा, माझा सूर. आवर्तनामागून आवर्तन ते अंतर वाढत जातं.

मी म्हणालो, सोमवारचा टेक लावा. फक्त ड्रम आणि बास.

लावला. आधी मी घसरतो. दोन ठोक्यांनी ड्रम हळू होतात आणि मला गाठतात. आधी मी, मग तो. मंगळवारच्या सतराही टेकमध्ये तेच. मागे पडत नव्हता तो. मला घ्यायला येत होता.

मास्तर जमिनीकडे बघत होता. डॉक्टरीणबाई उठून चहा करायला गेल्या. कोणालाही नको असताना.

रविवार, १०

घरी क्लिक लावून चार तास वाजवलं. रेकॉर्ड करून बघितलं. केसभर मागे. पुन्हा. केसभर मागे! गंमत म्हणजे वाजवताना मला सगळं बरोबर वाटतं. अगदी बरोबर.

ही दारात उभी राहून ऐकत होती. तीन दिवसांनी बोलली. “दादा पहिल्यापासून म्हणायचा, तुझ्या नवऱ्यासाठी थांबावं लागतं. मला वाटायचं, तुम्ही तयार व्हायला उशीर लावता म्हणून!”

दोघंही हसलो. माझं हसणं आधी थांबलं.

सोमवार, ११

वर्कशॉप. आज मशीन बंद होतं.

“अठरा वर्षं! एकदा तरी सांगायचंस!”

“सांगितलं असतं तर तू घाई केली असतीस. घाई करणारा बास ऐकलायस कधी? जिन्यावरून माणूस गडगडल्यासारखा वाटतो.”

“निदान गुरुवारी बोलायचंस. मी सगळं तुझ्यावर ढकलत होतो.”

“तुला विचारलं होतं ना, तुझं मत काय.”

माफी मागितली. परत ये म्हणालो.

“तुम्हाला नक्की काय हवंय? क्लिक की मी?”

“तू.”

“मास्तरला विचारलंस?”

नव्हतं विचारलं.

मंगळवार, १२

विचारलं. मास्तर तासभर हिशेब मांडत बसला — दोघं मागे असतील तर चौघं मागे राहू, मग मागे कोणीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एवढं गणित कशाला? ती टकटक बंद करा.” भाड्याच्या ड्रमरला मोकळं केलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, तुमचा आल्बम, तुमची मर्जी.

मेव्हण्याला फोन केला. उचलला नाही. निरोप ठेवला : क्लिक बंद, तू ये.

बुधवार, १३

आला नाही. दिवसभर तिघं बसून होतो. स्टुडिओ शुक्रवारपर्यंतच घेतलाय; उद्या-परवा, दोन दिवस उरले.

गुरुवार, १४

मेव्हणा आला! सगळ्यांशी नीट बोलला. म्हणाला, “क्लिक चालू करा.” आम्ही नको नको म्हणत होतो. “चालू करा.”

सहा ट्रॅक, सहा टेक. माझा सूर सगळ्यांत केसभर मागे, तरी तेच ठेवले. त्याचा एकही ठोका रेघेबाहेर गेला नाही. माझ्यासाठी तो एकदाही थांबला नाही.